नोकरी करता म्हणून कमीपणा वाटतो? आधी हा हिशोब करा

फोन उघडला की कोणीतरी सांगतच असतं, नोकरी म्हणजे गुलामी, दुसऱ्याची स्वप्नं किती दिवस पूर्ण करणार, सोड आणि स्वतःचं काहीतरी चालू कर. हे रोज ऐकलं की पगार बरा, काम आवडीचं, बॉसही ठीक, तरी आपण आयुष्यात काहीच केलं नाही असं वाटायला लागतं. राजीनामा टाइप करायच्या आधी खालच्या गोष्टी करून बघा, एक शनिवार-रविवार पुरेल.

सगळ्यात आधी सांगणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते बघा. माल बनवणं, विकणं, उधारी वसूल करणं असं काही तो खरंच करतो, की धंदा कसा करायचा याचा कोर्स विकणं हाच त्याचा धंदा आहे? दुसरा प्रकार असेल तर म्यूट करा, यावर जास्त वेळ घालवू नका.

मग तुम्हाला आवडणारी एखादी यशोगाथा घ्या आणि त्यात पगारी माणसं कुठे आहेत ते शोधा. डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये बनवला तो कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने, प्लेस्टेशनच्या मागे सोनीचा केन कुतारागी होता, जीमेल गूगलच्या पॉल बुखाइटने सुरू केलं, तिघेही तेव्हा नोकरदारच. कोइची तानाका तर शिमाद्झू कंपनीतला इंजिनिअर, पीएचडीसुद्धा नाही, आणि 2002 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं तेव्हाही तो तिथेच नोकरीला. आणि ही झाली नावं असलेली माणसं. रात्री सर्व्हर पडला तेव्हा उठून चालू करणारा, सगळ्यांचे पगार वेळेवर काढणारी, चिडलेल्या कस्टमरचं शांतपणे ऐकून घेणारा, यांच्यावर कोणी रील बनवत नाही, पण यांनी आठवडाभर सुट्टी घेतली तर फाउंडरसाहेबांचं व्हिजन जागच्या जागी थांबेल.

आता आकडे. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार दर पाच नव्या व्यवसायांपैकी साधारण एक पहिल्या वर्षातच बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. बंद झाला म्हणजे बुडालाच असं नाही, काही जण विकून मोकळे होतात, काही रिटायर होतात, पण रीलवर तुम्हाला उरलेलेच दिसतात हे डोक्यात असू द्या.

खरा हिशोब पुढे आहे, इथे घाई करू नका. एका कागदावर नोकरीची बाजू लिहा: हातात येणारा पगार, भरपगारी सुट्ट्या, कंपनीचा विमा, तिने दिलेला लॅपटॉप, शिकायला मिळतं ते, आणि कंपनीला तोटा झाला तरी तुमच्या खिशातून भरावं लागत नाही ही गोष्टसुद्धा. दुसऱ्या बाजूला धंद्याचा अंदाजे नफा लिहा आणि त्यातून तुमचा स्वतःचा पगार वजा करा, म्हणजे तुम्ही करणार तेच काम करायला माणूस ठेवला असता तर त्याला जे द्यावं लागलं असतं ते. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात, मग वर्षभर फुकट राबून नफा झाला म्हणून खूश होतात. नंतर दोन्ही बाजूंना खरे तास लिहा, रात्रीचे फोन धरून, आणि कमाईला त्या तासांनी भागा. अमेरिकेतल्याच कामगारांवरचा 2000 सालचा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात दहा वर्षं स्वतःचा व्यवसाय केलेल्यांची मध्यक कमाई (म्हणजे सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं तर अगदी मधल्या माणसाची) तेवढीच वर्षं नोकरी केलेल्यांपेक्षा 35 टक्के कमी निघाली होती. स्वातंत्र्यासाठी एवढं सोडायची तयारी असेल तर जरूर सोडा, फक्त किती सोडतोय ते माहीत असावं.

नोकरीतच थांबायचं ठरलं तर गप्प बसून थांबू नका. निळ्या एलईडीवर काम केलेल्या शुजी नाकामुराला त्याच्या पेटंटसाठी कंपनीने आधी 20,000 येन दिले, तो कोर्टात गेला आणि 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. तुम्हाला कोर्टात जायचं नाहीये, पण तुम्ही दोन आठवडे नसाल तर काय काय अडेल याची यादी करा, प्रत्येकापुढे वाचलेला वेळ किंवा पैसा लिहा आणि अप्रेझलला ती घेऊन जा. ‘मी खूप मेहनत करतो’ याने पगार वाढत नाही. आणि कंपनी म्हणजे आपली फॅमिली असं कोणी म्हणालं तर हसा आणि आकड्यावर परत या.

एवढं करूनही धंद्याची खुमखुमी असेलच, तर नोकरी ठेवून सुरू करा. 2014 च्या एका संशोधनात असं सापडलं की नोकरी सांभाळत सुरुवात करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडायची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशने कमी होती. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅकसुद्धा पहिला ॲपल कॉम्प्युटर बनवताना एचपी या कंपनीत नोकरी करत होता आणि 1976 मध्ये ॲपल कंपनी निघाल्यावरही काही महिने एचपीतच होता. ऑफर लेटर काढून दोन कलमं वाचा, बाहेरचं काम चालतं का आणि फावल्या वेळात तुम्ही बनवलेल्या गोष्टीवर हक्क कोणाचा. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. किती पैसे गेले किंवा कोणती तारीख उलटली की थांबायचं, ते आजच लिहून घरच्यांना दाखवून ठेवा, कारण नंतर प्रत्येक महिना शेवटचाच एक वाटतो.