ईस्टरच्या अंड्यांचा शोध: बारावे अंडे रिकामे ठेवावे

ईस्टरच्या, म्हणजे येशू मरणातून उठल्याच्या सणाच्या, सकाळी परड्यात अंडी लपवावीत आणि मुलांनी ती शोधावीत, हा खेळ आमच्या घरी पहिल्या वर्षी दहा मिनिटांत संपला. मोठ्या मुलांनी टोपल्या भरल्या, सर्वांत धाकटी रिकाम्या हाताने रडत बसली, आणि सण कशाचा होता हे विचारण्याइतकी उसंत कोणालाच मिळाली नाही. त्यानंतर आम्ही खेळाची मांडणी बदलली. सगळी अंडी सापडल्यानंतर शेवटचे अंडे रिकामे निघावे, आणि ते रिकामे का आहे हे मुलांना स्वतः सांगता यावे, एवढ्याच हेतूने पुढची तयारी केली जाते. बेळगाव आणि खानापूर परिसरातील कोणत्याही घराला ती जमण्यासारखी आहे.

आठवडाभर आधी: तारीख मुलांना शोधू द्या

पहिला शोध अंड्यांचा नसून तारखेचा असावा. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा ईस्टरचा दिवस होय. म्हणूनच तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो. ईस्टर सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी (चर्चनी) एकाच रविवारी पाळावा, असे इ. स. 325 मध्ये निकाया येथील धर्मगुरूंच्या परिषदेत ठरले होते. भिंतीवरचे पंचांगाचे कॅलेंडर मुलांच्या हाती द्यावे. 2024 साली होळीची पौर्णिमा 25 मार्चला होती आणि ईस्टर 31 मार्चला आला. 2026 साली हनुमान जयंतीची पौर्णिमा 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला. एखादे चौकस मूल 2025 साल काढून दाखवील, कारण त्या वर्षी कॅलेंडरात हनुमान जयंती 12 एप्रिलला असूनही ईस्टर 13 ऐवजी 20 एप्रिलला झाला. चंद्र पूर्ण झाला तो 13 तारखेच्या पहाटे, म्हणजे रविवारीच, आणि पौर्णिमा रविवारी आल्यास सण पुढच्या रविवारी जातो. शेजारच्या घरातील होळी किंवा हनुमान जयंती आणि आपला ईस्टर एकाच चंद्राकडे पाहून ठरतात, हे मुलांच्या ध्यानात येते तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

अंडी कोणती घ्यावीत

आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ऊन कडक असते. उकडलेले अंडे सामान्यतः दोन तासांपेक्षा अधिक, आणि तापमान 32 अंशांच्या वर असल्यास एका तासापेक्षा अधिक, बाहेर राहू नये. म्हणून खरी अंडी परड्यात लपवू नयेत, ही माझी ठाम सूचना आहे. शिवाय या जिल्ह्यात जैन आणि लिंगायत कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांची मुले खेळायला येतात, आणि त्यांच्या हाती अंडे देऊन त्यांना संकोचात टाकणे योग्य नव्हे. शाळेत दुपारच्या जेवणात अंडे न खाणाऱ्यांना केळे मिळते, हे मुलांना ठाऊकच असते. तीच समजूत आपण खेळात दाखवावी.

यावर उपाय म्हणजे कागदाची अंडी. लहान फुगे फुगवून त्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने तीन-चार थरांत चिकटवाव्यात, दोन दिवस सावलीत वाळवाव्यात, मग फुगा फोडून काढावा, कवच मधोमध कापावे आणि दोन्ही अर्ध्या वाट्या रंगवाव्यात. खऱ्या अंड्यांची हौस असेल तर ती न्याहरीपुरती उकडून रंगवावीत आणि फ्रीजमध्ये ठेवावीत. हळदीने पिवळा, कांद्याच्या सालींनी तांबूस आणि बिटाने गुलाबी रंग येतो. रंगाच्या प्रत्येक कपभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे. गावरान अंड्यांपेक्षा पांढऱ्या कवचावर रंग खुलतो.

अंडीच का, हे रंगवताना सांगावे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, पण कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नसत. साठलेली अंडी सणाला रंगवून वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या हिशेबात अशा 450 अंड्यांची नोंद आहे.

बारा अंड्यांची गोष्ट

हा या खेळाचा गाभा आहे आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. बारा अंड्यांवर क्रमांक घालून प्रत्येकात एक वस्तू ठेवावी. पहिल्यात नारळाच्या झावळीचे पाते, येशूच्या यरुशलेम-प्रवेशासाठी. दुसऱ्यात एक नाणे, कारण शिष्य यहूदाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिले. तिसऱ्यात टॉवेलचा तुकडा, कारण गुरूने शिष्यांचे पाय धुतले. ही एकच वस्तू घेऊन आज्जीने पाच मिनिटे बोलावे, कारण पाय धुण्याचे काम कोणाचे समजले जात असे हे आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही. चौथ्यात पावाचा वाळलेला तुकडा, शेवटच्या भोजनाचा. पाचव्यात कोंबड्याचे पीस: कोंबडा आरवण्यापूर्वी शिष्य पेत्राने येशूची ओळख तीनदा नाकारली. सहाव्यात बाभळीचा काटा, टोक घासून बोथट केलेला, येशूच्या डोक्यावरील काट्यांच्या मुकुटासाठी. सातव्यात काटक्यांचा क्रूस, आठव्यात कवडी, कारण शिपायांनी त्याच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि आपल्याकडे दान पडते ते कवड्यांचे. नवव्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा, त्याचा देह गुंडाळलेल्या कापडासाठी, दहाव्यात जांभा दगडाचा खडा, कबरेच्या तोंडावरील धोंड्यासाठी, अकराव्यात लवंग व दालचिनी, पहाटे कबरेकडे सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रियांसाठी. बारावे रिकामे, कारण कबर रिकामी होती.

या वस्तू विकत आणू नयेत. मुलांबरोबर गोळा कराव्यात. जांभा खानापूरकडे मिळतो, बाभूळ बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या मातीच्या माळावर. त्यानिमित्ताने मावळतीला सह्याद्री आणि उगवतीला माळ, हा आपल्या जिल्ह्याचा नकाशाही मुलांच्या मनात उमटतो.

खुणेच्या चिठ्ठ्या

प्रत्येक अंड्याची जागा सुचवणारी चिठ्ठी लिहावी. आपल्या मुलांच्या घरी मराठी, शाळेत बहुधा कन्नड किंवा इंग्रजी, आणि काही घरांत कोंकणी असते. चिठ्ठ्याही तशाच मिश्र असाव्यात. अंड्याला आपल्याकडच्या बोली कन्नडात तत्ती, पुस्तकी कन्नडात मोट्टे आणि कोंकणीत तांतीं म्हणतात, हे चिठ्ठीतूनच शिकवता येते. कन्नड चिठ्ठी वाचायला शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाची गरज पडते आणि कोंकणीसाठी आज्जाला विचारावे लागते, त्यामुळे कोणा एकालाच पुढे धावता येत नाही. चिमुरड्यांसाठी चित्र काढावे, मोठ्यांसाठी मोजमाप द्यावे, उदाहरणार्थ, “पायरीपासून उगवतीकडे बारा पावले, मग फणसाच्या सावलीकडे वळा.”

लपवणे आणि शोधणे

विहिरीच्या काठाजवळ, सरपणाच्या ढिगात, गवताच्या गंजीत आणि दगडी गडग्याच्या फटींत काहीही लपवू नये. उन्हाळ्यात साप आणि विंचू तेथे गारव्याला येतात. लपवलेल्या जागांची यादी एका मोठ्या माणसाने खिशात ठेवावी. पहाटेची उपासना आटोपली की ऊन चढण्यापूर्वी खेळ सुरू करावा.

प्रत्येक मुलाचा वाटा आधीच ठरवावा: सहा मुले असतील तर प्रत्येकी दोन अंडी. आपली दोन मिळालेल्याने इतरांना मदत करावी, पण त्यांचे अंडे उचलू नये. सापडलेली अंडी तेथेच न उघडता ओट्यावर आणावीत, आणि क्रमांकाप्रमाणे ओळीत मांडून एकेक उघडावीत. वस्तू हातात घेऊन गोष्ट मुलांनीच सांगावी, चुकले तर मोठ्यांनी योहान किंवा लूककृत शुभवर्तमानातून तो भाग वाचून दाखवावा. घाई करू नये. बारावे अंडे सर्वांत धाकट्याने उघडावे. “यात काहीच नाही,” असे ते म्हणेल. त्या क्षणी मोठ्यांनी गप्प राहावे आणि उत्तर एखाद्या मुलाकडून येऊ द्यावे. आमच्याकडे एका वर्षी ते शेजारच्या घरातील मुलीने दिले, कारण तिने दगड आणि कापड यांची गोष्ट कान देऊन ऐकली होती.

त्यानंतर बेळगावच्या कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) एकच डबा सर्वांत उघडावा, वाटा सारखा. कागदी अंडी मोजून बारा असल्याची खात्री करावी, वस्तू तशाच आत ठेवून पेटी माळ्यावर ठेवावी. पाव तेवढा काढून टाकावा, नाहीतर मुंग्या लागतात.