गोव्यात बजेटमध्ये घर बांधताय? प्लॅन काढताना या चुका टाळा

डिचोलीत आमचं घर बांधायच्या आधी मी मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर चुन्याने सगळा प्लॅन खराखुरा आखला, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि आईला म्हटलं आत फिरून बघ. ती हॉलमधून किचनमध्ये गेली, मागच्या दारापाशी थांबली आणि म्हणाली, "बरं आहे रे, पण पावसात कपडे कुठे वाळत घालायचे?" मी, बायको आणि आर्किटेक्ट, तिघांनी मिळून सहा वेळा प्लॅन बदलला होता, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. ज्या घरात कपड्यांना जागा नाही तिथे पहिल्याच पावसाळ्यात मागे पत्रे चढतात, तेही नेमके सेटबॅकमध्ये, म्हणजे हद्दीलगत मोकळी सोडायच्या जागेत, आणि मग कुणीतरी तक्रार केली की पंचायतीची नोटीस. त्यामुळे किचनला लागून दीड मीटरची पडवी पहिल्यापासून प्लॅनमध्ये घ्या, तिचं क्षेत्रफळ हिशोबात धरा. पुरुमेंताचं म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सामान, नारळ, गॅसचा सिलिंडर सगळं तिथेच जातं, वेगळी स्टोअर रूम नको.

आता मुख्य चूक. लोक खोल्या मोजून सुरुवात करतात, तीन बेडरूम पाहिजेत, देवघर पाहिजे, पुढे बलकांव, म्हणजे बसायचा ओटा असलेली पडवी, तर पाहिजेच, आणि मग एस्टिमेट आलं की घाम फुटतो. उलटं करा. समजा हातात ४० लाख आहेत. त्यातले १० आधी बाजूला काढा, ते घराचे नाहीतच, ते कंपाउंड, गेट, सेप्टिक टाकी, पाणी-लाइटचं कनेक्शन, फिया आणि जोत्यातली भर यांचे. आपल्याकडे सपाट प्लॉट मिळतो कुठे, पुढे जोतं दोन फूट आणि मागे सहा फूट हे नेहमीचंच, वर रिटेनिंग वॉल लागली तर हे १० सुद्धा कमी पडतील. राहिले ३० लाख. कंत्राटदाराचा भाव समजा २,५०० रुपये चौरस फूट, तर तुमचं घर १,२०० चौरस फूट. झालं, आता यात काय बसतं ते बघायचं.

आणि इथे एक गंमत होते, जमीन आणि लायसन्स चौरस मीटरमध्ये, भाव चौरस फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, १,२०० फूट म्हणजे १११ मीटर. बलकांव आणि पडवीला पूर्ण भाव लावणार की अर्धा, जोतं किती उंचीपर्यंत भावात धरलंय, हे कोटेशनवर लिहूनच घ्या, तोंडी नको.

हे १११ मीटर भिंतींसकट आहेत हे विसरू नका. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) बाहेरची भिंत ९ इंची. १० बाय ११ मीटरच्या साध्या चौकोनी घराला ४२ मीटर बाहेरची भिंत, तीच जवळपास साडेनऊ चौरस मीटर खाते, म्हणजे एक बेडरूम गेली. त्यात एलेव्हेशन छान दिसावं म्हणून चार ठिकाणी कोपरे आत-बाहेर केले की भिंत वाढते, पाया वाढतो, दोन्ही बाजूंचं प्लास्टर वाढतं आणि कौलांचे दोन उतार जिथे मिळतात त्या खाचेतून गळती सुरू. मला विचाराल तर चौकोनी घर, दोन उतारांचं छप्पर, बास.

प्लॅन बजेटबाहेर गेलाच तर प्रत्येक खोली एकेक फूट कमी करू नका. सगळेच हे करतात, आम्हीही केलं होतं. भिंती, दारं, बाथरूम तेवढीच राहतात, पैसे फारसे वाचत नाहीत आणि खोलीत पलंग टाकला की कपाटाचं दार उघडत नाही. त्याऐवजी पॅसेज शोधा. १ मीटर रुंद ६ मीटर लांब पॅसेज म्हणजे ६५ चौरस फूट, वरच्या भावाने १ लाख ६० हजार, तेही फक्त चालायला. आम्ही बेडरूमची दारं जेवणाच्या जागेत उघडली आणि पॅसेजच उडवला. तरीही जास्त होत असेल तर एक खोली सरळ काढून टाका.

बाथरूम आणि किचन एका बाजूला ठेवा, पाइप कमी लागतो. सेप्टिकचा शोषखड्डा मात्र विहिरीपासून निदान १८ मीटर लांब पाहिजे, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनसुद्धा, म्हणून खड्ड्याची जागा आधी ठरवा आणि बाथरूमची नंतर. दुसरा मजला "बघू पुढे" असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच त्या हिशोबाने, आणि जिन्याची जागाही, जिना प्रत्येक मजल्यावर ६-७ चौरस मीटर घेतो. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूच्या खिडक्यांना दोन फुटी छज्जा द्या, वास्तूवाला काहीही म्हणो.

गणपती जिथे बसवणार तिथे, स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी, माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीचे, हुक सळ्यांना बांधून घ्या. आमचा मेस्त विसरला आणि मीही विसरलो, पहिल्या चवथीला ड्रिल घेऊन नवीन स्लॅबला भोकं पाडत बसलो होतो, आणि आई खाली नारळांचा घड धरून उभी.