शिकायला परत निघालात? पीपीएफ-पीएफ मोडताना या चुका टाळा

पस्तिशी-चाळिशीत परत शिकायला बसणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे, पण फी भरायची वेळ आली की एकामागून एक सगळे त्याच चुका करतात आणि आता ते बघवत नाही, म्हणून लिहितेय.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे पीपीएफ (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, १५ वर्षांची सरकारी बचत योजना) खातंच बंद करून टाकणं. माझ्या मावसभावाने २०१४ मध्ये खातं उघडलं होतं, दर एप्रिलला न चुकता १ लाख भरायचा. २०२३ च्या जूनमध्ये त्याला एमबीएला ॲडमिशन मिळाली, पहिल्या वर्षाची फी २ लाख. कुणीतरी सांगितलं, ५ वर्षं झाली की उच्च शिक्षणासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं. ते खरंच आहे, स्वतःच्या शिक्षणासाठीही चालतं, ॲडमिशनचे आणि फीचे कागद जोडायचे. हा दोन दिवसांत फॉर्म देऊन मोकळा! मला कळेपर्यंत पैसे सेव्हिंग खात्यात आले होते. असं बंद केलं की व्याज १ टक्क्याने कमी धरतात, आणि तेही फक्त शेवटच्या वर्षाचं नाही तर खातं उघडल्यापासूनचं. आम्ही रात्री बसून हिशोब केला तर ६० हजारांच्या वर गेले होते. आणि एवढं करून गरज किती होती, तर २ लाखांची. तेवढे त्याला खातं चालू ठेवून काढता आले असते, व्याजात कपात नाही, कारण सांगायचं नाही, कॉलेजचा कागद दाखवायचा नाही.

किती काढता येतात ते स्वतः बघा, कुणाला विचारत बसू नका. चालू आर्थिक वर्ष सोडून मागे मोजलेल्या चौथ्या वर्षाच्या ३१ मार्चची शिल्लक (२०२३-२४ साठी ३१ मार्च २०२०) आणि गेल्या ३१ मार्चची शिल्लक, यातली जी कमी तिच्या निम्मे. त्याच्या बाबतीत ते साडेतीन लाखांच्याही वर होतं. वर्षातून एकदाच काढता येतात, म्हणून मी त्या वर्षाची फी लागेल तेवढेच काढते, पूर्ण कोर्सचे नाही. दुसरं वर्ष आपण करणार की नाही हे पहिल्या वर्षात कळतं. त्या भावाचं खातं २०३० ला मॅच्युअर होणार होतं, आता नवीन उघडलं की परत १५ वर्षं, याचं मला अजून वाईट वाटतं.

महिनाअखेरीला पैसे काढू नका. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मिळतं, २८ तारखेला काढलेत तर तो अख्खा महिना गेला. चार दिवस थांबा ना.

नोकरी सोडून फुलटाइम शिकायला जाणाऱ्यांची चूक वेगळी. पीएफचा (नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीचा) सगळे पैसे काढायचा फॉर्म १९ टाकतात आणि त्याच दमात १०सी टाकून पेन्शनचे पैसेही काढून घेतात. माझ्या जुन्या ऑफिसमधल्या एकीने हेच केलं, सहा वर्षांची सर्व्हिस, हातात आलेली रक्कम एका सेमिस्टरलाही पुरली नाही. पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते, आता नवीन नोकरीत तिची मोजणी शून्यापासून. त्याच १०सी वर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, मग जुनी वर्षं पुढे जोडली जातात. आणि सलग ५ वर्षं व्हायच्या आत पीएफ काढलात तर टॅक्स लागतो, मात्र आधीच्या कंपनीतला पीएफ ट्रान्सफर केलेला असेल तर ती वर्षंही धरतात.

एनपीएसवाल्यांनो (नॅशनल पेन्शन सिस्टीम), मध्येच काढता येणारे २५ टक्के म्हणजे तुम्ही स्वतः भरलेल्या पैशांचे, स्क्रीनवर दिसणाऱ्या एकूण रकमेचे नाही.

शैक्षणिक कर्ज फक्त मुलांसाठीच असतं असं समजून लोक ते बघतही नाहीत. स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज घेतलंत तरी प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई), ८ वर्षांपर्यंत, फक्त जुनी करपद्धत घेतलेली हवी. मी तरी आधी बँकेत विचारून येते आणि मगच पीपीएफचं पासबुक उघडते.