घरात तीन भाषा, फॉर्मवर चौकट एकच

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे भाषिक ओळखीचं सर्वेक्षण करायला निघाला असाल, तर नमुना किती मोठा घ्यायचा ही चिंता नंतर करा. आधी प्रश्नावली बघा.

खानापूर तालुक्यात एका काकूंना मातृभाषा विचारली. "आई कन्नड, वडील मराठी, शाळा मराठी, आता सासरी कोकणी. काय ते तुम्हीच लिवा की." जनगणनेच्या नियमाने उत्तर सोपं आहे: लहानपणी आई जी बोलायची ती, म्हणजे कन्नड. येणाऱ्या आणखी दोन भाषा वेगळ्या नोंदवतात, पण मातृभाषा एकच. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावं आली. छाननीनंतर १,३६९ धरली गेली.

तुलना करायची तर अमेरिकेचं उदाहरण समोर ठेवा. तिथे २००० पासून जनगणनेत एकाहून जास्त वंश नोंदवता येतात. असं नोंदवणारे २०१० मध्ये २.९ टक्के होते, २०२० मध्ये १०.२ टक्के झाले. दहा वर्षांत माणसं एवढी बदलली? थोडी बदललीही असतील. पण प्रश्नाची मांडणी बदलली होती, आणि लोकांनी हाताने लिहिलेल्या उत्तरातली आधी पहिली ३० अक्षरं नि त्यातले दोनच वंशगट मोजायचे, ते २०२० मध्ये २०० अक्षरं नि सहा गट मोजू लागले. आकडा फुगलेला दिसला की आधी फॉर्म बदलला का ते तपासायचं, ते यासाठी.

म्हणून दोन प्रश्न ठेवा: घरात कोणकोणत्या भाषा बोलता, आणि एकच सांगायची तर कुठली. जनगणनेशी तुलना हवी असेल तर मातृभाषेचा प्रश्न तिच्याच शब्दांत तिसरा घाला. एक्सेलमध्ये प्रत्येक भाषेला वेगळा रकाना, हो असेल तर १, नाही तर ०. भरतानाच 'मिश्र' असा एक गठ्ठा करू नका. गठ्ठा नंतर कधीही बांधता येतो, सुटत मात्र नाही.

दारात पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: "हे कुठल्या सरकारचं?" महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा १९५६ पासूनचा वाद, २००४ पासून सुप्रीम कोर्टात, लोक सावध असणारच. कॉलेजचं पत्र जवळ ठेवा. राज्य कुठलं हवं, हा प्रश्न भाषेच्या प्रश्नाला चिकटवू नका, नाहीतर भाषेचं उत्तर म्हणजे मतदान होतं. १ नोव्हेंबरच्या आसपास तर फिरूच नका. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन; त्या आठवड्यातली उत्तरं एरवीच्या उत्तरांत मिसळता येत नाहीत.

फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये छापा. कुणी कुठला भरला, आणि विचारणाऱ्याने बोलायला सुरुवात कुठल्या भाषेत केली, यासाठीही रकाने ठेवा. विश्लेषणाला बसल्यावर मी सगळ्यात जास्त वेळा उघडले ते हेच दोन.