काँगोच्या सरकारी रुग्णालयात रुजू होताना

मध्य आफ्रिकेतल्या डीआर काँगोला (काँगो लोकशाही प्रजासत्ताक) निघालेले ज्युनियर डॉक्टर मला फोनवर पहिला प्रश्न इबोलाचाच विचारतात. भीती रास्त आहे. त्याच देशातल्या यांबुकूत १९७६ साली या विषाणूची ओळख पटली आणि पूर्वेकडच्या २०१८ ते २०२० च्या साथीत २,२०० हून अधिक माणसं गेली. पण २०१९ च्या गोवराच्या साथीने तिथे ६,००० हून अधिक बळी घेतले, बहुतेक लहान मुलं, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. रात्री-अपरात्री तुम्हाला झोपेतून उठवणार आहे तो मात्र मलेरिया.

पिवळ्या तापाची लस, व्हिसा, तिथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी ही माहिती तुम्ही काढली असेलच. फ्रेंचबद्दल मात्र स्पष्ट सांगते: मोबाइलवरच्या अ‍ॅपवर शिकलेली फ्रेंच पहिल्या राउंडलाच उघडी पडते. केसपेपर, औषधाची चिठ्ठी, मृत्यूचा दाखला, सगळं फ्रेंचमध्येच लिहायचं असतं. सहा महिने नीट क्लास लावा, मगच तिकीट काढा. आजारी मुलाच्या आईशी बोलायला लिंगाला, स्वाहिली, चिलुबा किंवा किकोंगो लागेल, पण तिथे नर्स तुम्हाला सांभाळून घेतात.

आता खरा सापळा. तो म्हणजे तुमची चिठ्ठी. यात मी सापडले होते, आणि भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक जण सापडतो.

देशाचे ५१९ आरोग्य विभाग (झोन) आहेत आणि साधारण प्रत्येक विभागाला एक मोठं सरकारी रुग्णालय. सरकारी असलं तरी ते बरंचसं रुग्णाच्या पैशावर चालतं. एखादी संस्था खर्च उचलत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ग्लोव्ह्ज, शिरेत बसवायची कॅन्युला, सिरिंज, सलाइन, सगळं नातेवाइकांनी पैसे भरून आणायचं. मलेरियाची औषधं मलेरिया नियंत्रण कार्यक्रमातून मोफत येतात, पण साठा संपला की तीही विकतच. अशा ठिकाणी आपण सवयीने सीबीसी आणि कल्चर या रक्ताच्या तपासण्या, दोन अँटिबायोटिक, टॉनिक अशी नऊ ओळींची चिठ्ठी लिहितो. त्यातलं काय आणायचं हे मग आईच्या हातातले पैसे ठरवतात. कमरेच्या कापडाची गाठ सोडून चुरगळलेल्या नोटा मोजणारी एक आई मला आजही दिसते. ती पॅरासिटामॉलचं सिरप आणि व्हिटॅमिनची बाटली घेऊन परत आली होती. तेवढंच परवडलं होतं. गंभीर मलेरियात जीव वाचवणारं इंजेक्शन, आर्टेसुनेट, त्या चिठ्ठीत सातव्या ओळीवर होतं.

म्हणून आधी फक्त आजच्या रात्रीपुरतं लिहा. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ३० मिलिग्रॅम आर्टेसुनेट लागतं, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या कुपीतलं अर्धं. विरघळवलेलं औषध ठेवता येत नाही, उरलेलं टाकावंच लागतं. पहिला डोस, मग १२ तासांनी, मग २४ तासांनी: तीन कुप्या. त्या सगळ्यांत वर लिहा. खाली कॅन्युला, सिरिंज, ग्लुकोज. हिमोग्लोबिन चारच्या खाली असेल तर रक्तासाठी बाप, मामा, जो सापडेल त्याला त्याच क्षणी बोलवा; पिशवी तयार मिळेल या भरवशावर राहू नका. बाकीच्या तपासण्या ज्यांच्या उत्तराने आज उपचार बदलणार नाही, त्या लिहूच नका. हे निकृष्ट वैद्यक आहे असं वाटेल. नाही, हेच तिथलं चांगलं वैद्यक आहे, आणि महिन्याभरात हात आपोआप वळतो.

बिल थकलं म्हणून बरं झालेलं मूल किंवा सिझेरियन झालेली बाई वॉर्डातच अडकवून ठेवलेली दिसेल. पहिल्यांदा पाहिलं की रक्त उसळतं. सप्टेंबर २०२३ पासून राजधानी किन्शासात बाळंतपण मोफत करायला सुरुवात झाली. तुमच्या रुग्णालयात काय लागू आहे ते रुजू होतानाच विचारून घ्या.

शिकायचं कुणाकडून? माझं मत ठाम आहे: वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या नर्सकडून. खेड्यांतली आरोग्य केंद्रं नर्सच चालवतात. मूल आपल्याकडे पोहोचतं ते त्यांनी वेळेत पाठवलं म्हणून. तीन आठवडे फिरून सल्ले देणाऱ्या परदेशी तज्ज्ञांच्या मागे लागू नका.

गडचिरोली किंवा नंदुरबारला काम केलेल्यांनो, सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) आपल्याला हाताळता येतो या समजात राहू नका. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे आजार पुष्कळदा सौम्य असतो. मध्य आफ्रिकेतला प्रकार फार तीव्र. तिथल्या सिकलसेलच्या मुलाला ताप आला की सकाळची वाट पाहू नका, रात्रीच भरती करा आणि प्लीहा किती वाढली आहे ते दर काही तासांनी हाताने तपासत राहा.