स्वस्त बेस गिटारचं पिकअप आणि हार्डवेअर बदलायचंय? आधी वर्निअर, मग ऑर्डर

कोल्हापुरात बेसचे सुटे भाग बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावे लागतात. पार्सल येतं, पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकाचा भाग) लाकडातल्या खाचेत दोन मिलिमीटरनं अडतं, आणि परत पाठवण्याचा वेगळाच उद्योग मागे लागतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी वर्निअर (बारीक मापं घेण्याचं साधन) हातात घ्या. उद्यमनगरच्या कारखान्यांच्या कृपेनं या गावात तो कुणा ना कुणाकडे सापडतोच.

त्याहीआधी तारा बदला. वर्षभर घाम प्यालेल्या तारांवर कितीही महागडं पिकअप लावलं तरी आवाज मेलेलाच येणार. ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) नवा संच लावा, मानेचा बाक आणि तारांची उंची जुळवा, आठवडाभर वाजवा. मग नेमकं काय खुपतंय ते ठरवा. सूर एकमेकांत मिसळून गढूळ वाटतात, स्लॅपला (अंगठ्यानं तार आपटून वाजवताना) धार येत नाही, तर पिकअप बघा. नॉब फिरवताना खरखर येते, तर पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर. तार सुरात टिकत नाही, तर नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा ट्यूनर (तार ताणायची खुंटी). खरखरणाऱ्या पॉटपायी अख्खा पिकअप संच बदलणारे कमी नाहीत.

आता मापं. पी (प्रिसिजन बेसच्या धर्तीच्या) पिकअपचे दोन तुकडे बऱ्यापैकी ठरलेल्या मापाचे असतात, तिथे फसगत कमी. जे (जॅझ बेसच्या धर्तीच्या) पिकअपला मात्र जपा. फेंडर कंपनीच्या मापात मानेकडच्या पिकअपचं कव्हर सुमारे ९२ मिमी लांब असतं आणि ब्रिजकडचं (तारा खाली जिथे अडकतात त्या बाजूचं) सुमारे ९५. स्वस्त बेसमध्ये पुष्कळदा दोन्ही खाचा एकाच मापाच्या असतात. मग बाजारातली मानेकडची-ब्रिजकडची जोडी घेतली तर एक पिकअप नीट बसतं आणि दुसरं एकतर सैल राहतं नाहीतर खाच कोरावी लागते. लांबी, रुंदी, खाचेची खोली आणि स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर, चारही कागदावर लिहून ठेवा. वर साबणाच्या वडीसारखं सलग कव्हर असेल तर आतल्या पिकअपच्या प्रकारावर विसंबू नका, बाहेरच्या कव्हरचंच माप धरा.

पिकअपची निवड चवीची गोष्ट आहे. सेमूर डंकन एसपीबी-१ जुन्या वळणाचं, गोलाई राखणारं. एसपीबी-३ जाड पोलचं (चुंबकाच्या खांबांचं) आणि जोरकस. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतून वर यायचं असेल तर दुसरं कामाला येतं. सिरॅमिक चुंबक म्हणजे टाकाऊ, अल्निको म्हणजे उत्तम, हे मात्र खरं नाही. आतल्या कॉइलच्या तारेचे वेढे किती आणि चुंबक कसा बसवलाय, यावर जास्त अवलंबून असतं.

पॉट कुठला? साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसला २५० के (किलोओहम) आणि टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅराडचा पॉलिएस्टर कपॅसिटर. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात त्याला ४७३ म्हणून मागा. ५०० केचे पॉट लावले तर आवाज जास्त टोकदार होतो. हेतू तोच नसेल तर बोटांची किरकिरही जास्त ऐकू येते. मोठे सीटीएस कंपनीचे पॉट घेताना लक्षात ठेवा, त्यांना ९.५ मिमीचं छिद्र लागतं आणि स्वस्त बेसला बहुधा ७ मिमीचं असतं. पातळ कंट्रोल प्लेट साध्या ड्रिल बिटनं मोठी करायला गेलात तर बिट पत्र्यात अडकून प्लेट वाकडी होते. प्लेट लाकडावर घट्ट आवळून स्टेप बिट किंवा रीमर वापरा, नाहीतर उद्यमनगरात पाच मिनिटांत करून घ्या. आमच्या मते चांगल्या प्रतीचे १६ मिमीचे छोटे पॉट पुरेसे आहेत, ड्रिलिंगही वाचतं. नॉबचंही बघा: ६ मिमीच्या दांड्याचा नॉब सीटीएसच्या ६.३५ मिमीच्या सरळ दांड्यावर चढत नाही.

बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर जुने पॉट पाहून मगच पुढे जा. ते २५ केचे असतील तर पॅसिव्ह पिकअप थेट त्यांना जोडू नका, वरचे सूर सगळे गिळले जातात. अशा वेळी प्रीअ‍ॅम्प (बॅटरीवर चालणारं आतलं सर्किट) काढून सगळं पॅसिव्ह करणं सोपं.

सोल्डरिंगला ५०–६० वॅटचं आयर्न आणि चपटं टोक घ्या. २५ वॅटचं आयर्न पॉटची पाठ तापवू शकत नाही; मग लोक तेच मिनिटभर दाबून धरतात आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पाठ आधी पॉलिश पेपरनं खरवडा, थोडा फ्लक्स लावा, तीन-चार सेकंदांत काम संपवा. डाग चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. मळकट गोळा झाला तर तो पुढे ऐन कार्यक्रमात सुटणार. जुन्या वायरिंगचा फोटो काढून ठेवा आणि जुनं पिकअप वायर न कापता सोल्डर वितळवून काढा, विकताना उपयोग होतो.

दोन व्हॉल्यूमच्या बेसमध्ये एक चूक फार होते. पिकअपची सिग्नल वायर पॉटच्या मधल्या पायाला आणि पुढे जाणारी वायर कडेच्या पायाला जोडायची असते. उलट जोडलं तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप बंद पडतात. कारण शून्यावर मधला पाय अर्थला टेकतो, आणि तोच आउटपुटला जोडलेला असेल तर सगळा सिग्नल तिथेच जिरतो.

तारा चढवण्याआधी तपासा. जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावा. पी पिकअपला साधारण १० के, एका जे पिकअपला ७–८ के दिसेल, दोन्ही जे एकदम उघडे असतील तर त्याच्या निम्मं. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर जोड तुटलाय. मग अ‍ॅम्पला लावून पोलवर स्क्रू ड्रायव्हर टेकवा, टकटक ऐकू यायला हवी. तारा चढवल्यावर दोन्ही पिकअप उघडताच आवाज पातळ होत असेल, खालचे सूर गायब होत असतील, तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

गणपतीच्या मांडवात जनरेटर, डिमर आणि एलईडी पार दिवे यांच्यासोबत वाजवणाऱ्यांनी शील्डिंग (विजेची घरघर रोखणारं धातूचं अस्तर) टाळू नये. चिकट बाजूनंही वीज वाहणारी तांब्याची टेप घ्या, खाचेच्या तळाशी आणि भिंतींना लावा, जोडांवर टेप एकमेकींवर चढवा, शेवटी अर्थला जोडा. टेपच्या सगळ्या कोपऱ्यांत मीटर बीप करतो का बघा. केबल खुपसताच आवाज पूर्ण बंद झाला, तर जॅकचं टोक टेपला टेकतंय. तिथे इन्सुलेशन टेप चिकटवा. एकटं जे पिकअप मात्र शील्डिंगनंतरही थोडं गुणगुणतंच. जॅकच्या धातूला हात लावला की घरघर कमी होते पण तारांना लावून होत नाही, याचा अर्थ ब्रिजखालची अर्थ वायर रंगावर नुसती पडून आहे. तिथला रंग खरवडा.

ब्रिजबद्दल स्पष्टच सांगायचं तर जड ब्रिजनं आवाज पालटतो ही बहुतांशी जाहिरात आहे. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) आटे गेले असतील, स्क्रू आपोआप उतरत असतील, तरच बदला. गोटो २०१ फेंडरच्या जुन्या पाच छिद्रांवर बसतो, पण नकलांची छिद्रं वेगळी असू शकतात, म्हणून मापा. तारांमधलं अंतर बहुधा १९ मिमी असतं. नवी छिद्रं पाडावी लागली तर जुनी बांबूच्या काडीनं आणि फेविकॉलनं बुजवा, एक दिवस वाळू द्या. ३४ इंची बेसला बाराव्या फ्रेटपासून ‘जी’ (सर्वांत बारीक) तारेच्या सॅडलपर्यंत ४३२ मिमी. आधी दोन बाजूंना दोरा ताणून मानेच्या दोन्ही कडांपासून अंतर सारखं आहे का बघा. ३.५ मिमीच्या स्क्रूला २.५ मिमीचं छिद्र पाडा, स्क्रूला मेणबत्ती घासा. कोरड्या स्क्रूचं डोकं तुटलं तर उरलेला तुकडा काढणं महाकठीण.

ट्यूनर घेताना हेडस्टॉकमधल्या छिद्राचा व्यास आणि स्क्रूंच्या जागा मापा. छिद्र मोठं पडत असेल तर पितळी बुश लेथवर करून मिळतो. हेडस्टॉक खाली झुकत असेल तर वजनाला हलके ट्यूनर हाच खरा इलाज. नट हाडाचा हवा असेल तर मिरजेचा रस्ता धरा. सतार-तंबोऱ्यामुळे मिरजेचं नाव आहे, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडी आणि जवारी घासणाऱ्या हातांना बेसचा नट नवा असला तरी अवघड नाही. जुना नट नमुना म्हणून सोबत द्या आणि खाचा बारीक कानशीनंच घासायला सांगा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट उरावी. त्याखाली गेलं तर मोकळी तार झणझणते आणि नट पुन्हा करावा लागतो.

शेवटी पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ‘ई’ (सर्वांत जाड) तारेखाली सुमारे ३ मिमी आणि ‘जी’ तारेखाली २.५ मिमी ठेवा. फार जवळ नेलं तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर एकाच सुरात दोन सूर तरंगल्यासारखे वाटतात. जे पिकअपखालचा फोम बसला असेल तर चप्पल दुरुस्तीच्या दुकानातला मऊ सोल फोम कापून घाला. जुलै-ऑगस्टच्या ओलीत मान हलते, तेव्हा बाक पुन्हा तपासा: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिमी. ट्रस रॉड (मानेतली बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि पुन्हा हात लावण्याआधी एक रात्र जाऊ द्या.