आयर्लंडमधलं भाड्याचं घर: गरम पाणी, हीटिंग आणि ओल

आकडे बघितले तर आयर्लंडचा हिवाळा काही भयंकर नाही. डब्लिनला जानेवारीत सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास असतं, बर्फ पडला तरी फार टिकत नाही. पण घरात हुडहुडी भरते, कपाटामागची भिंत काळी पडते, दोन दिवसांपूर्वी वाळत घातलेली जीन्स कमरेपाशी ओलीच लागते. हे सगळं ओलीचं काम. बाहेरची हवा दमट असतेच. घरात आपण आंघोळीची, स्वयंपाकाची, कपड्यांची वाफ सोडतो आणि गारठा येतो म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतो. इथलं घर चालवायचं तर या ओलीला बाहेरची वाट कशी दाखवायची, हे आधी शिकावं लागतं.

किल्ली हातात घेण्याआधी

भाड्याच्या जाहिरातीत बीईआर नावाचं एक अक्षर असतं, ए१ पासून जीपर्यंत. ही घराची ऊर्जा-श्रेणी. एफ किंवा जी श्रेणीचं घर स्वस्त दिसतं, पण वाचलेलं भाडं हीटिंगच्या बिलात निघून जातं. घर बघायला गेलात की कपाटांच्या मागे आणि खिडकीच्या कोपऱ्यांत नजर टाका. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर मुद्दाम विचारा.

राहायला आल्या दिवशीच विजेच्या आणि गॅसच्या मीटरचा फोटो काढा. खातं नावावर करून घेताना विजेच्या जोडणीचा ११ अंकी नंबर (एमपीआरएन) आणि गॅसच्या जोडणीचा ७ अंकी नंबर (जीपीआरएन) लागतो. हे नंबर जुन्या बिलावर सापडतात. पुढे बिल आलं आणि रीडिंगशेजारी ‘ई’ दिसला, तर तो आकडा अंदाजाने टाकलेला आहे. स्वतः रीडिंग पाठवून तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर दोन-तीन बिलांचा फरक एकदम अंगावर येतो.

इमर्शन

‘हॉट प्रेस’ म्हणजे गरम पाण्याची टाकी ठेवलेलं कपाट. इथे कपाटालाच प्रेस म्हणतात, इस्त्रीचा काही संबंध नाही. त्या टाकीतला विजेचा हीटर म्हणजे इमर्शन. आपला गिझरच, फक्त बराच मोठा. त्याला सहसा दोन बटणं असतात: एक चालू-बंद, दुसरं ‘सिंक’ की ‘बाथ’.

‘सिंक’वर वरची आखूड कांडी तापते आणि टाकीतलं फक्त वरचं पाणी गरम होतं. भांडी घासायला, तोंड धुवायला तेवढं पुरे, साधारण अर्ध्या तासात होतं. ‘बाथ’वर लांब कांडी पूर्ण टाकी तापवते, त्याला दीड-दोन तास लागतात. हीटर बहुधा ३ किलोवॉटचा, म्हणजे तासाला ३ युनिट. भांड्यांसाठी ‘बाथ’ लावलं तर वीज वाया जाते, आणि ‘सिंक’ लावून टबात उतरलात तर पाच मिनिटांत गार पाणी येतं.

काम झालं की बंद करा. रात्रभर चालू राहिला तर थर्मोस्टॅट मधेमधे तोडतो खरा, पण टाकी निवत राहते आणि तो पुन्हा पुन्हा चालू होतो. ‘इमर्शन बंद केलं का?’ हा प्रश्न आयरिश घरांतला जुना विनोद आहे, आणि बिल बघितलं की तो का सुचला ते कळतं. टाकीचं तांबं उघडं दिसत असेल तर तिला लॅगिंग जॅकेट, म्हणजे ऊब धरून ठेवणारं जाड आवरण घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. घरात गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर असेल तर हिवाळ्यात त्यावरच पाणी तापवलेलं स्वस्त पडतं. इमर्शन उन्हाळ्यासाठी ठेवा.

नव्याने आलेले लोक हमखास एक गोष्ट चुकतात. आंघोळीला इलेक्ट्रिक शॉवर असेल तर त्याला इमर्शन लागतच नाही. भिंतीवर तापमानाचा खटका असलेली पेटी आणि छताला लोंबणारी दोरी दिसली की समजा, हा शॉवर पाणी स्वतः तापवतो. दोरी ओढा, लाल दिवा लागला की मग शॉवर सुरू करा. हिवाळ्यात पाणी पुरेसं तापत नाही असं वाटलं तर धार कमी करा, कारण तेवढ्याच विजेत कमी पाणी जास्त तापतं. घरात असे दोन शॉवर असतील तर बऱ्याचदा एका वेळी एकच चालतो. तो बिघाड नसतो, वायरिंगच तसं केलेलं असतं.

पिण्याचं पाणी फक्त स्वयंपाकघरातल्या थंड नळाचं घ्या. बाथरूमच्या नळांना बऱ्याच घरांत पोटमाळ्यावरच्या टाकीचं पाणी येतं.

हीटिंग

दिवसभर मंद चालू ठेवण्यापेक्षा टायमरवर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लावा. एसईएआय ही सरकारी ऊर्जा संस्था बैठकीच्या खोलीला २० अंश, झोपायच्या खोल्यांना १५ ते १८ अंश सुचवते. रेडिएटरच्या बाजूच्या गोल खटक्यावर १ ते ५ आकडे असतात. रिकाम्या खोलीत तो १ वर ठेवा, पूर्ण बंद करू नका. थंडगार खोलीच्या भिंतींवरच दव धरतं.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिट्टीला रेडिएटरची छोटी चावी लावून अर्धा आटा डावीकडे फिरवा आणि खाली फडकं धरा. फुस्स आवाज थांबून पाण्याचे थेंब आले की लगेच घट्ट करा. मग बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा बघा, यंत्रणा गार असताना तो १ ते १.५ बारमध्ये हवा. खाली असेल तर पाणी भरायचा नळ कुठे आहे ते घरमालकाला विचारा. बॉयलर मात्र स्वतः उघडू नका.

गावाकडच्या घरांत अंगणात तेलाची टाकी असते. केरोसीन ५०० किंवा १००० लिटरच्या हिशेबाने मागवतात. टाकी तळाला जाऊ देऊ नका, कारण तळाचा गाळ आणि हवा पाइपात शिरली की तेल भरूनही बॉयलर पेटत नाही आणि मेकॅनिक बोलवावा लागतो.

भिंतीतलं भोक बुजवू नका

खोलीच्या भिंतीत जाळीचा झरोका दिसेल, त्यातून बोचरा वारा येतो. पहिल्याच थंडीत लोक त्यात जुना टॉवेल कोंबतात आणि महिन्याभरात बुरशी येते. तो झरोका मुद्दाम ठेवलेला असतो. चूल, स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी असलेल्या खोलीत तर तो बुजवणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. त्याचा अलार्म आहे का बघा आणि बटण दाबून तपासा.

स्वयंपाक करताना वरचा एक्झॉस्ट लावा, भांड्यांवर झाकण ठेवा आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या. कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या झाल्या की खिडकीच्या काचेवरून ओघळ सुटतात. ती वाफ घरभर फिरून सर्वांत गार खोलीत जाऊन बसते. आंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा १५ मिनिटं चालू. सकाळी उठल्यावर काचेवरचं पाणी फडक्याने पुसा आणि फडकं सिंकमध्ये पिळा. रेडिएटरवर वाळत टाकलंत तर तेच पाणी परत हवेत जातं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

कपडे शक्यतो बाहेरच्या दोरीवर घाला. ढगाळ असलं तरी वारा असेल तर अर्ध्या दिवसात बरंच पाणी निघतं. मेट एरन या इथल्या हवामान खात्याच्या पावसाच्या रडारवर पुढचे दोन तास बघून घ्या, म्हणजे धावपळ वाचते. आत वाळवायचे तर एकच खोली ठरवा. तिचं दार लावा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालवा किंवा खिडकी किलकिली ठेवा. घरोघरी रेडिएटरवर कपडे टाकलेले दिसतात, पण बुरशीचं पहिलं आमंत्रण तेच. भाड्याच्या घराला स्वतःचं अंगण किंवा आवार नसेल तर कपडे वाळवायच्या यंत्राची सोय घरमालकाने करून द्यायची, असा नियम आहे. बहुतेक स्मार्ट मीटर प्लॅनमध्ये संध्याकाळी ५ ते ७ वीज सर्वांत महाग असते. त्या वेळेत ड्रायर लावू नका, आणि झोपताना तर नकोच, आगीचा धोका असतो.

बुरशी आलीच तर कोरडी खरवडू नका, तिची भुकटी नाकात जाते. हातमोजे घाला, खिडकी उघडा, बुरशीनाशक फवारा आणि ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरत असाल तर दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. वरून रंग मारून काही होत नाही, दोन महिन्यांत डाग परत येतो. वाफ बाहेर काढूनही तो त्याच जागी येत असेल तर गळका पन्हाळा किंवा भिंतीतली ओल असेल. फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. दुरुस्ती झाली नाही तर भाड्याच्या घरांचे निकष तपासणं हे स्थानिक कौन्सिलचं काम आहे.

कडाक्याची रात्र आणि गॅसचा वास

घराचं पाणी बंद करायचा मुख्य नळ, म्हणजे स्टॉपकॉक, बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. तो कुठे आहे ते आजच बघा आणि एकदा फिरवून पाहा. जुन्या घरात तो जाम झालेला असतो आणि पाइप फुटल्यावर ते कळून उपयोग नाही. पारा शून्याखाली जाणार असेल तर पोटमाळ्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, म्हणजे घरातली ऊब वरच्या पाइपांपर्यंत पोचते.

गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडा, मीटरपाशी गॅस बंद करा, बाहेर पडा आणि बाहेरून १८०० २० ५० ५० वर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो.